स्कूलबसचा खरा धोका स्टॉपवर असतो

एका आईचा प्रश्न आलाय. मुलगी यंदा पहिलीत जाणार, तीही पहिल्यांदाच स्कूलबसने. स्टॉप घरासमोरच आहे, पण रस्त्याच्या पलीकडे. बसला सीटबेल्ट नाहीत, वाटेत मोठा रस्ता लागतो आणि चालक बस जोरात पळवेल की काय, अशी धास्ती आहे. बसमध्ये काय बघायचं, मुलीला काय शिकवायचं आणि चालकाकडून कोणती अपेक्षा ठेवायची, असं त्यांनी विचारलंय.

शाळेच्या वाहतुकीचं काम मी बरीच वर्षं करतोय. रूट आखणं, चालक आणि मदतनीस तयार करणं, पालकांच्या तक्रारी ऐकणं हे माझं रोजचं काम. तेव्हा स्पष्टच सांगतो. वेग महत्त्वाचा आहे, सीटबेल्टही महत्त्वाचा आहे, त्या दोन्हींकडे येतोच. पण या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती स्टॉप पलीकडच्या बाजूला आहे याची. मूल बसमध्ये चढतं किंवा बसमधून उतरतं ते अर्धं मिनिट सगळ्यात धोक्याचं असतं, आणि पालक, मुलं, चालक या तिघांच्याही जबाबदाऱ्या खऱ्या अर्थाने तिथेच एकत्र येतात.

बस धावत असताना मूल एका जड, उंच वाहनाच्या पोटात बसलेलं असतं. समोरून एखादी कार येऊन धडकली, तर तिचा मार मुलं बसतात त्या पातळीच्या खाली बसतो. दारातून पाय जमिनीवर ठेवला की हे सगळं संरक्षण संपलं. अमेरिकेत स्कूलबसच्या अपघातांच्या नोंदी कित्येक दशकं ठेवल्या जातात. बसमध्ये बसलेल्या मुलांपेक्षा बसच्या बाहेर पायी असलेली शाळकरी मुलं जास्त दगावतात, हेच त्या नोंदींतून पुन्हा पुन्हा दिसतं. त्यातली बरीच मुलं तर दुसऱ्या कुठल्या गाडीखाली आली नाहीत. ज्या बसने ती शाळेत जात होती, त्याच बसखाली आली.

असं का होतं, ते पालकांना नुसतं सांगून पटत नाही. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी पालकसभेत मी बस मैदानात उभी करतो आणि तिच्याभोवती आठ-दहा दप्तरं मांडून ठेवतो. एक समोरच्या बंपरला लागून, एक दाराच्या पुढच्या चाकाशी, एक मागच्या चाकाजवळ, एक बरोब्बर मागे. पहिलीतलं मूल पडलेली बाटली उचलायला वाकलं की त्याची उंची साधारण उभ्या दप्तराएवढीच उरते. मग एखाद्या पालकाला चालकाच्या सीटवर बसवतो आणि विचारतो, किती दप्तरं दिसतात? बंपरजवळचं दिसत नाही. मागचं दिसत नाही. दाराकडच्या चाकाजवळचं दिसतं, पण मान पुढे काढून फुगीर आरशात पाहिल्यावरच, आणि तेही इतकं बारीक की ते लांब असावं असं वाटतं. सीटवरून उतरताना बहुतेकांचा चेहरा बदललेला असतो. तोवर "ड्रायव्हरला दिसत नाही का?" असा रागाने प्रश्न विचारणारा माणूस पुढच्या मिनिटाला "मग आम्ही काय करायचं?" असं विचारतो. तुमच्या शाळेने असं काही केलं नसेल, तर तशी मागणी जरूर करा. खर्च शून्य आहे.

बसच्या चारी बाजूंचे साधारण ३ मीटर हा धोक्याचा पट्टा समजा. लहान मुलाच्या पावलांनी मोजलं तर सहा पावलं. मुलाने त्या पट्ट्यात दोनदाच यायचं. बस पूर्ण थांबून दार उघडल्यावर चढण्यासाठी, आणि उतरल्यावर सरळ बसपासून लांब जाण्यासाठी. बाकी वेळी तिथे पाऊल टाकायचं नाही.

आता मुलीला काय शिकवायचं. सहा वर्षांच्या मुलीला वीस नियम सांगितले तर एकही लक्षात राहत नाही. मी तीनच सांगतो. बस दिसली तरी जागेवरून हलायचं नाही, दार उघडून बसमधल्या मदतनीस मावशींनी हाक मारली की मगच जायचं. उतरल्यावर बसला हात लावत, तिच्या कडेकडेने चालायचं नाही, बसकडे पाठ करून सरळ लांब जायचं. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे खाली काही पडलं तर ते उचलायचं नाही. वही पडो, डबा पडो, बाटली घरंगळत चाकाखाली जावो, तिला तिथेच सोडायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं.

हा तिसरा नियम मुलापेक्षा पालकांसाठी जास्त आहे. महिन्यात दोनदा बाटली हरवली म्हणून ज्या मुलाला घरी बोलणी बसलेली असतात, ते मूल बाटलीसाठी बसखाली वाकणारच. त्याच्या लेखी बस हा धोका नसतो, आईचं रागावणं असतो. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी तिला जवळ घेऊन सांगा, बसपाशी पडलेल्या कुठल्याही वस्तूसाठी मी तुला कधीच रागावणार नाही. नंतर तो शब्द खरोखर पाळा. आणि नुसतं सांगून थांबू नका, घराबाहेर चार-पाच वेळा खेळून घ्या. चालता चालता तिच्या हातून मुद्दाम काहीतरी पाडा आणि ती काय करते ते बघा. पहिल्या वेळी ती वाकेलच, सगळीच मुलं वाकतात. दोन-तीन दिवसांत ती थांबून तुमच्याकडे बघायला लागेल. ती सवय लागली की शिकवणं झालं.

कपडे आणि दप्तर यांच्याकडेही एकदा नजर टाका. जॅकेटची लोंबणारी नाडी, दप्तराचे लांब सुटे पट्टे, गळ्यात अडकवलेली ओळखपत्राची दोरी या गोष्टी उतरताना दाराच्या दांडीत किंवा मिटलेल्या दारात अडकतात. मूल खाली उतरलेलं असतं, पट्टा आत असतो आणि बस सुटते. अमेरिकेत अशा अपघातांत मुलं गेल्यानंतर दाराच्या दांड्या तपासण्याची एक साधी पद्धत रूढ झाली. दोरीच्या टोकाला एक नट बांधायचा आणि मूल उतरताना त्याची नाडी जशी ओढली जाईल तशी ती दोरी दांडीवरून ओढत खाली न्यायची. नट जिथे अडकेल तिथे उद्या नाडी अडकणार. ती फट बुजवायची. आमच्याकडे बसची देखभाल झाली की ही तपासणी होतेच. तुम्हीही शाळेला हे सुचवू शकता. आणि नाड्या, पट्टे तर घरीच कापून आखूड करता येतात.

आता पलीकडच्या स्टॉपबद्दल. पहिली गोष्ट, शाळेला लेखी विनंती करून स्टॉप तुमच्या बाजूला मागा. रूटची दिशा उलटी केली की पुष्कळदा हे सहज जमतं. त्यासाठी बसमध्ये दहा मिनिटं जास्त बसावं लागलं तरी हरकत नाही. रस्ता ओलांडण्याचा धोका टळणार असेल तर दहा मिनिटं काहीच नाहीत. पहिली-दुसरीतल्या मुलाने एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही, यावर माझ्याकडे तडजोड नाही. येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज त्या वयात नीट येत नाही. मूल हुशार आहे की नाही याचा इथे संबंध नाही, ते वयच तसं असतं.

स्टॉप हलवणं शक्यच नसेल, तर तुम्ही पलीकडे जाऊन बसच्या दारापाशी उभं राहायचं. दुपारी मुलीला आणायला जाताना तर हे कटाक्षाने पाळा. सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. आई घराच्या बाजूला उभी, मूल पलीकडे उतरतं, आईला बघून खुश होतं आणि थेट धावत सुटतं. आईने हसून हात हलवला की मुलाला ते बोलावणंच वाटतं. दोन मिनिटं आधी निघा आणि दाराच्या बाजूला थांबा. आईऐवजी आजोबा किंवा ताई आणायला जाणार असतील, तर त्यांनाही हे सांगून ठेवा. तिचा हात हातात आला की लगेच बसच्या पुढून रस्ता ओलांडू नका. बस निघून जाऊ द्या. बस गेली की रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा दिसतो, आणि तुम्हीही गाड्यांना दिसता.

काही देशांत नियम वेगळा आहे. अमेरिकेत स्कूलबस लाल दिवे लावते आणि तिच्या अंगावरचा 'थांबा'चा फलक बाहेर येतो, तेव्हा सहसा दोन्ही दिशांच्या वाहनांना थांबावंच लागतं. तिथे मुलं चालकाने हाताने खूण केल्यावर बससमोरून, चालकाचा चेहरा दिसेल इतकं अंतर ठेवून ओलांडतात. पण तिथेही थांबलेल्या बसला ओलांडून जाणारे वाहनचालक आहेतच. जिथे असा कायदा नाही किंवा असूनही कोणी पाळत नाही, तिथे थांबलेली बस म्हणजे समोरचं काही दिसू न देणारी भिंतच असते. तिच्याआडून मूल बाहेर आलं की मागून येणाऱ्याला ते अचानक दिसतं, तेव्हा ब्रेक दाबायलाही वेळ नसतो.

बसचा पिवळा रंगही याच कारणासाठी आला. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये फ्रँक सायर या शिक्षणतज्ज्ञाने स्कूलबसचे मापदंड ठरवण्यासाठी परिषद भरवली होती. तिथे वेगवेगळ्या छटांच्या पट्ट्या पाहून हा नारिंगीकडे झुकणारा पिवळा निवडला गेला. पहाटेच्या अर्धवट उजेडात हा रंग आणि त्यावरची काळी अक्षरं ठळक दिसतात, आणि नजरेच्या कोपऱ्यातूनही हा रंग लवकर लक्षात येतो. म्हणून पिवळ्या बसवर जाहिराती, पडदे किंवा काचांवर गडद फिल्म दिसली की मला राग येतो. जे दिसावं म्हणून रंगवलं, तेच आपण झाकून टाकतो.

चालकाकडून काय अपेक्षा ठेवायची? वेगावर सगळे बोलतात, मी आधी त्याचं थांबणं बघतो. चांगला चालक स्टॉपच्या बराच आधी वेग कमी करतो, इंडिकेटर देतो, मुलांच्या रांगेपासून थोडं अंतर ठेवून थांबतो, गाडी न्यूट्रलला घेऊन हँडब्रेक ओढतो आणि मगच दार उघडू देतो. निघताना किती उतरले, किती लांब गेलेले दिसताहेत हे मोजतो. पाच उतरले आणि चारच दिसत असतील, तर बस जागची हलवायची नाही. खाली उतरून बघायचं. मागे कितीही हॉर्न वाजू देत. मदतनीस बाईंचं काम दार उघडण्यापुरतं नाही. आधी त्यांनी स्वतः उतरायचं, मुलांना हाताने बाहेर काढायचं, शेवटचं मूल धोक्याच्या पट्ट्याबाहेर गेल्यावर बसच्या पुढे-मागे नजर टाकायची, वर चढायचं, दार लावायचं आणि मग चालकाला "चला" म्हणायचं. "चला" आधी आणि दार नंतर, असं दिसलं तर त्याच दिवशी शाळेत कळवा.

बस मागे घेण्याचा एक नियम बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. स्टॉपवर बस उलटी घ्यायची वेळच येऊ नये, असा रूट आखायचा. पण गल्ली बंद असेल आणि इलाजच नसेल, तर सकाळी आधी मुलांना आत घ्यायचं आणि मग बस मागे घ्यायची. दुपारी आधी बस मागे घ्यायची आणि मग मुलांना उतरवायचं. म्हणजे बस मागे जात असताना सगळी मुलं बसच्या आतच असतात. मागे कॅमेरा असला तरी हा नियम सुटत नाही. तसंच, लांब बस वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूला कापत जातात. म्हणून वळणाच्या कोपऱ्यावर किंवा त्याला लागून स्टॉप असू नये, आणि वाट बघणारी मुलं रस्त्याच्या अगदी कडेला उभी नसावीत.

आता वेग. चालकाला समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. ताशी ४० किलोमीटरने तेवढ्या वेळात बस साधारण १७ मीटर पुढे जाते, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी १२ मीटर. एकूण २९. हाच वेग ६० असेल तर एकूण अंतर ५३ मीटरच्या आसपास जातं. वेग दीडपट, थांबायला लागणारं अंतर जवळजवळ दुप्पट. पावसात हे आणखी वाढतं. म्हणून चालकावर घड्याळाचं दडपण आणू नका. स्टॉपवर उशिरा पोहोचणारा प्रत्येक पालक पुढच्या सगळ्या मुलांच्या बसचा वेग वाढवतो. बस चुकली तर मुलाला धावत बसमागे पाठवू नका, हात दाखवून चालत्या बसला थांबवू नका. त्या दिवशी स्वतः सोडून या.

बसच्या आत बघायच्या गोष्टी कमी आहेत, पण पक्क्या आहेत. प्रत्येक मुलाला स्वतःची जागा हवी, मांडीवर किंवा दोन सीटांच्या मध्ये बसवलेलं मूल नको. व्हॅनला आणि रिक्षाला तर हे अधिकच लागू आहे. तिथे चढण्या-उतरण्याचे सगळे नियम तेच, आणि कोंबून भरलेल्या गाडीत दुसरं काहीही तपासण्यात अर्थ नाही.

सीटबेल्टबद्दल विचारलंत. मोठ्या स्कूलबसमध्ये उंच पाठीच्या, मऊ भरलेल्या आणि एकमेकींच्या जवळ बसवलेल्या सीट असतात. त्यामागे विचार आहे. समोरून धडक बसली की मूल पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतं, ती पाठ वाकून धक्का पोटात घेते आणि मूल त्या खाचेतच राहतं. अमेरिकेत १९७७ पासूनच्या नियमांत ही रचना आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, मूल समोर तोंड करून, पाठ टेकून, पाय खाली सोडून बसलेलं असेल तरच ती काम करते. गुडघ्यावर उलटं बसून मागच्या मैत्रिणीशी गप्पा मारणाऱ्या मुलीला तिचा काहीच उपयोग नाही. दुसरी, बाजूने धडक बसली किंवा बस उलटली तर ही रचना अपुरी पडते. तिथे खांद्यावरून येणारा बेल्टच मुलाला जागेवर धरून ठेवतो. म्हणून नवीन बस घेताना शाळेने तसेच बेल्ट घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. आणि बेल्ट असतील तर मुलांना ते स्वतः काढता आले पाहिजेत. न काढता येणारा बेल्ट आगीच्या वेळी घात करतो.

आगीची गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतो. मे १९८८ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यातल्या कॅरोल्टनजवळ चुकीच्या दिशेने आलेली गाडी एका बसला धडकली. बस पूर्वी स्कूलबस होती, त्या दिवशी सहलीची मुलं घेऊन परतत होती. टाकी फुटली, पुढच्या दाराकडे आग लागली आणि सगळ्यांची धाव मागच्या एकाच दाराकडे झाली. २७ जण गेले. त्यांना धडकेने मारलं नाही, धुराने आणि आगीने मारलं. वाट अरुंद होती आणि मागच्या दाराजवळ सामानही ठेवलेलं होतं. त्यानंतर तिथे बाहेर पडायच्या वाटा वाढवण्यात आल्या. तुमच्या शाळेच्या बसमध्ये सीटांमधल्या वाटेत दप्तरांचा ढीग, क्रीडासाहित्याच्या पिशव्या किंवा एखादी जादा पट्टीची सीट दिसली, तर ही बस आठवा आणि ते हटवायला लावा. संकटकाळी उघडायचं दार खरोखर उघडतं का, हे वर्षातून निदान दोनदा मुलांसमोर उघडून दाखवायला हवं. मोठ्या मुलांनी ते स्वतःच्या हाताने उघडून बघितलेलं हवं.

यानंतर जी गोष्ट सांगणार आहे, ती वाचताना जड जाईल. पण ती टाळून चालणार नाही. बसमध्ये झोपी गेलेलं मूल तसंच राहून जाणं. सप्टेंबर २०२२ मध्ये जपानमध्ये शिझुओका प्रांतातल्या माकिनोहारा शहरात तीन वर्षांची मुलगी बालवाडीच्या बंद बसमध्ये सुमारे पाच तास राहिली आणि उष्माघाताने गेली. त्या दिवशी नेहमीचा चालक नव्हता. बस रिकामी झाली का, हे कोणी मागपर्यंत जाऊन बघितलं नाही. वर्गात ती दिसत नव्हती, तरी घरी फोन गेला नाही. एका मुलीला वाचवता आलं असतं अशा तीन जागा होत्या आणि तिन्ही निसटल्या. एप्रिल २०२३ पासून जपानने अशा बसमध्ये धोक्याची सूचना देणारं उपकरण सक्तीचं केलं. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये असंच मूल गेल्यावर बसच्या अगदी मागे बटण बसवायचा नियम आला. चालक मागपर्यंत चालत जाऊन ते दाबत नाही तोवर गजर वाजत राहतो. बंद गाडीतलं तापमान उन्हात दहा मिनिटांत दहा-एक अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं.

उपकरण असो वा नसो, फेरी संपली की चालकाने किंवा मदतनिसाने मागपर्यंत चालत जायचं, प्रत्येक सीटवर आणि सीटखाली वाकून बघायचं. पेंगुळलेलं मूल सीटवरून घसरून खाली जाऊन झोपतं, आरशात ते दिसतच नाही. बदली चालक आला असेल त्या दिवशी हे काम दोघांनी करायचं. यात पालकांचा वाटाही आहे. मूल शाळेत येणार नसेल तर सकाळीच कळवा. रोज कळवणारे पालक असतील तरच न कळवता आलेली गैरहजेरी शाळेला खटकते आणि फोन जातो. शाळेला विचारा, माझी मुलगी न कळवता वर्गात दिसली नाही तर मला किती मिनिटांत फोन येईल? उत्तर देताना शाळा अडखळली, तर पाठपुरावा सोडू नका. आणि मुलीला हॉर्न कुठे असतो ते दाखवून ठेवा. त्या घटनेनंतर जपानमधल्या बालवाड्यांनी मुलांना हेच शिकवलं. हाताने दाबला जात नसेल तर त्यावर बसायचं, आणि कोणी येईपर्यंत उठायचं नाही.

मोठ्या मुलांकडून मी जास्त अपेक्षा ठेवतो, आणि ती त्यांना सांगतोही. बसमध्ये आरडाओरडा नको, कारण त्यांच्या गोंगाटात चालकाला बाहेरचा हॉर्न आणि रेल्वे फाटकावरची घंटा ऐकू येत नाही. लहान मुलांना चढताना ढकलायचं नाही. कोणी कोणाला रोज त्रास देत असेल तर ते मावशींना सांगणं म्हणजे चुगली नव्हे. आणि चालकाला काही झालं तर काय करायचं, हे निदान दोन मोठ्या मुलांना माहीत हवं. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या वॉरनमध्ये चालकाला भोवळ आली, तेव्हा सातवीतल्या एका मुलाने पुढे धावत जाऊन स्टिअरिंग धरलं, बस हळूहळू थांबवली आणि बाकीच्यांना मदतीसाठी फोन करायला सांगितलं. बसभर मुलं होती, एकालाही इजा झाली नाही. चालक रोज काय करतो ते त्याने बघून ठेवलं होतं. आमच्या मोठ्या मुलांना आम्ही हँडब्रेक आणि किल्ली कुठे आहे ते दाखवतो, आणि दार आतून कसं उघडायचं तेही.

पालकांच्या फोनबद्दल एक विनंती. बस रस्त्यावर असताना चालकाला फोन करू नका. "काका, कुठे आलात?" हा प्रश्न चाळीस घरांतून गेला तर त्या माणसाने रस्त्याकडे कधी बघायचं? मदतनिसांना करा किंवा शाळेने दिलेल्या क्रमांकावर करा. मुलीला कोण उतरवून घेणार, त्या दोन-तीन माणसांची नावं आणि फोटो शाळेत देऊन ठेवा. आयत्या वेळी "आज मामा येतील" असा फोन बसमध्ये करून चालणार नाही, तो बदल शाळेमार्फतच व्हायला हवा. ओळखीचं कोणी स्टॉपवर नसेल तर पहिलीतल्या मुलीला न उतरवता परत शाळेत नेणं हेच चालकाने करायचं आहे. त्याबद्दल त्याच्यावर चिडू नका. तो तुमचंच काम करतोय.

आणि चालकाबद्दल शाळेला हे जरूर विचारा. त्याची नजर शेवटची कधी तपासली? सकाळच्या फेरीआधी तो रात्री दुसरी गाडी तर चालवत नाही ना? नेहमीचा चालक रजेवर असला तर बदली माणसाला रूट आणि मुलांची यादी कोण देतं? बसची फिटनेस, विमा, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक हे कागदावर बघून घ्या, पण हे तीन प्रश्न त्याहून जास्त सांगून जातात. काही खटकलं तर स्टॉपवर मुलांसमोर वाद घालू नका. तारीख, वेळ, बसचा क्रमांक आणि तुम्ही नेमकं काय पाहिलं एवढं लिहून शाळेकडे द्या आणि आठवड्याभरात उत्तर मागा. "ड्रायव्हर बेफिकीर आहे" असं लिहिलं तर आम्हाला काही करता येत नाही. "सोमवारी दुपारी दार लागायच्या आधी बस हलली" असं लिहिलं तर त्याच संध्याकाळी चालक आणि मदतनीस दोघांना समोर बसवता येतं.